चौकात काय उभं राहावं?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शहरातल्या सार्वजनिक जागा आणि आजची शिल्पं’ असा विषय छापला आहे. काल रात्री जेवताना तुमच्यातल्याच एकानं विचारलं, ‘‘सर, शिल्प म्हणजे पुतळाच ना? ते आपल्यात चालत नाही. मग त्यावर आपण तासभर कशाला बोलायचं?’’ मी त्याला म्हटलं, उद्या याच प्रश्नापासून सुरुवात करतो. कारण आमच्या घरातही हाच प्रश्न विचारून विषय संपवला जायचा. आणि तो तसा संपवल्यामुळे आमच्या मोहल्ल्याचं नुकसान झालं आहे.

आधीच सांगतो, मी कलेचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. शिल्पांकडे मी वळलो ते माझ्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

आमचं गाव तालुक्याचं. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक चौक आहे. तिथे लिंबाचं झाड आणि त्याभोवती दगडी पार होता. माझे अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर असरच्या नमाजनंतर ते पारावर जाऊन बसायचे. त्यांच्यासोबत शाळेतले एक निवृत्त गुरुजी, एक टेलर आणि केशकर्तनालयवाले काका. चौघं चार समाजांतले. भांडायचे, चहा मागवायचे, पेपरातली बातमी एकमेकांना वाचून दाखवायचे. वीस वर्षं हे चाललं होतं. गावात दोन-तीनदा वातावरण तंग झालं, तेव्हाही हे चौघं तिथे बसलेले दिसले की लोकांना बरं वाटायचं.

मग चौकाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला. मधोमध आधुनिक शिल्प, खाली कारंजं, भोवती लॉन. नगरसेवकांनी शाळेच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. शाळेतल्या एका मित्रानं मला पुण्याला व्हॉट्सअॅपवर आराखड्याची पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, ‘‘बघ रे, काही सांगायचं असेल तर सांग.’’ मी ती उघडली. संगणकावर काढलेलं छान चित्र होतं. स्टेनलेस स्टीलचा मोठा गोल, त्यावर उडणारे पक्षी. मी चित्र मोठं करून पाहिलं. त्यात पार नव्हता, बसायला एकही बाक नव्हता आणि भोवती ग्रिल दाखवलेलं होतं. हे मला दिसलं. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम आहे, न दिसायला काय झालं? पण मी काहीच कळवलं नाही. ‘छान’ असा अंगठा पाठवला आणि मीटिंगला गेलो.

मोहल्ल्यातूनही बैठकीला कुणी गेलं नाही. मशिदीबाहेर विषय निघाला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘पुतळ्याबितळ्याचं काम आहे, आपल्याला काय त्याचं?’’ बाकीच्यांनी मान डोलावली. कुणाच्या मनात वैर नव्हतं, कुणी आपल्याला बाहेर ठेवलं नव्हतं. आपण आपणहून गेलो नाही.

वर्षभरात काम झालं. पार तोडला. झाड ठेवलं, पण ग्रिलच्या आत. ग्रिलला कुलूप. कारंजं तीन-चार महिने चाललं. ईदला गावी गेलो तेव्हा अब्बांना घेऊन बघायला गेलो. अब्बांनी ग्रिलमधून वाकून, मेकॅनिकच्या नजरेनं तो स्टीलचा गोल नीट पाहिला. म्हणाले, ‘‘वेल्डिंग चांगलं केलंय. पण बसायचं कुठं?’’

त्यानंतर ते चौघं एकत्र बसलेले मी पाहिले नाहीत. गुरुजी मुलाकडे जास्त राहू लागले, टेलर दुकानातच बसतात, अब्बा घरी टीव्हीसमोर. भांडण झालं नाही, फक्त बसायची जागा गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शिल्प ‘चालतं की नाही’ हा आपला खाजगी, श्रद्धेचा प्रश्न असू शकतो. पण ‘आपल्या चौकाचं काय करायचं आणि ते कुणी ठरवायचं’ हा नागरिक म्हणून आपला प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, दुसऱ्यातून आपल्याला सुटका नाही.

‘चालत नाही’ म्हणजे काय?

तरी पहिला प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. सजीवांच्या प्रतिमा घडवण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मूर्तिपूजेशी असलेला त्याचा संबंधही आपल्याला माहीत आहे. मी आलिम नाही आणि इथे फतवा द्यायला उभा नाही. पण या प्रश्नावर आपल्यातच सव्वाशे वर्षांपूर्वी गंभीर चर्चा झाली आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं.

इजिप्तचे मुख्य मुफ्ती मुहम्मद अब्दुह 1903 साली सिसिलीला गेले होते. तिथली संग्रहालयं, चित्रं, शिल्पं त्यांनी पाहिली आणि ‘अल-मनार’ या नियतकालिकात त्यावर लिहिलं. अरब लोक जुनी कविता ज्या कळकळीनं जपतात, त्याच कळकळीनं ही माणसं चित्रं-शिल्पं जपतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की मनाई आली ती प्रतिमा पुजल्या जात होत्या त्या काळात. जिथे पूजेचा धोका उरलेला नाही आणि ज्ञानाचा किंवा स्मरणाचा फायदा आहे, तिथे प्रश्नाचा पुन्हा विचार व्हायला हवा. अनेक उलमांना हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण हे बोलणारा माणूस कुणी ऐरागैरा नव्हता, देशाचा मुफ्ती होता.

पुढे 1928 साली कैरोत महमूद मुख्तार या शिल्पकाराचं ‘नहदत मिस्र’, म्हणजे ‘इजिप्तची जागृती’, हे ग्रॅनाइटचं शिल्प उभं राहिलं. उठू पाहणारा स्फिंक्स आणि शेजारी चेहऱ्यावरचा पडदा बाजूला करणारी शेतकरी स्त्री. त्याच्या खर्चात लोकवर्गणीचाही वाटा होता. आधी ते रेल्वे स्टेशनच्या चौकात होतं, 1955 साली कैरो विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हलवलं. म्हणजे मुसलमान समाजात हा विषय कुणी काढलाच नाही, असं नाही. कुणी विरोध केला, कुणी वर्गणी दिली. गप्प कुणी बसलं नाही.

जेद्दाचा मधला रस्ता

आता असं उदाहरण घेऊ, जिथे सजीवांच्या प्रतिमेबद्दलचा संकोच पाळून शहरभर शिल्पं उभी केली गेली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे हज-उमऱ्याला जाताना जेद्दाला उतरले असतील. त्याच जेद्दाची ही गोष्ट.

1970 च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि जेद्दा झपाट्यानं वाढलं. रस्ते, पूल, मोठमोठे गोल चौक. मोहम्मद सईद फारसी हे तेव्हाचे महापौर, शिक्षणानं वास्तुरचनाकार. नुसत्या काँक्रीटचं शहर लोकांना आपलं वाटणार नाही, त्यात कलाही हवी, असं त्यांचं मत होतं. त्यांनी जगभरच्या नामवंत शिल्पकारांची कामं मिळवली. हेन्री मूर, अलेक्झांडर काल्डर, होआन मिरो, जाँ आर्प. समुद्रकिनारी आणि चौकाचौकांत शेकडो शिल्पं उभी राहिली. हुलिओ लाफुएन्ते या स्पॅनिश वास्तुरचनाकारानं केलेली एक अवाढव्य सायकल एका चौकात उभी आहे आणि त्या चौकाला लोक सायकलचा चौक म्हणूनच ओळखतात.

या संग्रहात माणसाचे किंवा राजाचे पुतळे टाळले. अमूर्त आकार घेतले, रोजच्या वापरातल्या वस्तू घेतल्या, भूमिती घेतली. श्रद्धेचा संकोच होता, तो पाळला. पण म्हणून चौक मोकळे सोडले नाहीत. शिल्पकारांना सांगितलं, ‘या चौकटीत काय करता येतं ते दाखवा.’ त्यांनी दाखवलं. आपल्या जाळ्या, कमानी, मीनाकाम, सुलेखन हे सगळं असंच तर जन्माला आलं. बंधन असलं की माणूस दुसरीकडून वाट काढतो. सॉफ्टवेअरमध्येही मेमरी कमी असते तेव्हाच चांगला प्रोग्रॅम लिहिला जातो.

पण जेद्दाची दुसरी बाजूही आहे. समुद्राची खारी हवा आणि दुर्लक्ष यांमुळे ही शिल्पं झिजत गेली. काही दशकांनी ‘आर्ट जमील’ या संस्थेनं पालिकेसोबत डागडुजी हाती घेतली आणि निवडक शिल्पं किनाऱ्यावरच्या बागेत एकत्र मांडली. शिल्प उभं करायला एक हौशी महापौर पुरतो. ते टिकवायला दरवर्षी पैसे आणि माणसं लागतात. हे आपल्याला दूर जाऊन शिकायची गरज नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. अख्ख्या महाराष्ट्राला वेदना झाली. इंजिनिअर म्हणून मला वाटतं, आपण अनावरणाला जातो, फोटो काढतो, पण तिथल्या बोल्टचा गंज तपासायची जबाबदारी कुणाची हे विचारत नाही. आदर असेल तर हे विचारायला हवं.

दोह्यात पाहिलेलं

आमच्या चौकाचं काम झाल्यानंतरच्या वर्षी कंपनीनं मला एका प्रोजेक्टसाठी चार महिने दोह्याला पाठवलं. पहिल्याच शुक्रवारी मी समुद्राकाठी इस्लामी कला संग्रहालयाच्या बागेत गेलो. पाण्यात शिरलेल्या धक्क्याच्या टोकावर पोलादाचा एक उंच मनोरा दिसला. हे रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराचं 2011 सालचं काम. नाव फक्त ‘7’.

सात जाड पोलादी पत्रे एकमेकांना टेकवून उभे केलेत. उंची साधारण 24 मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. नक्षी नाही, रंग नाही, अक्षर नाही. पोलादावर गंजाचा तपकिरी थर आहे आणि तोच थर आतल्या पोलादाचं रक्षण करतो. खालच्या फटीतून आत शिरायचं आणि वर बघायचं. वर आकाशाचा सात कोनांचा तुकडा दिसतो. मी आत गेलो तेव्हा दोन लहान मुलं ओरडून स्वतःचाच आवाज ऐकत होती.

सेरा यांनी हे करण्याआधी वेगवेगळ्या देशांतल्या मिनारांचा अभ्यास केला होता. अफगाणिस्तानातल्या गझनीच्या मिनाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. आणि सप्तकोनाचं म्हणाल तर त्यामागे आपलाच एक गणितज्ञ आहे, दहाव्या शतकातला अबू सहल अल-कूही. शाळेत आपण पट्टी आणि कंपासनं समभुज त्रिकोण काढतो, चौरस काढतो, षटकोन तर चुटकीसरशी येतो. पण सातही बाजू सारख्या असलेला सप्तकोन नुसत्या पट्टी-कंपासनं अचूक काढताच येत नाही. अल-कूहीनं शंकुच्छेदांचा, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्ररेषांचा, वापर करून तो काढून दाखवला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाशी माझी ओळख एका पोलादी शिल्पानं करून दिली.

तिथे मला खेडकडचे एक चाचा भेटले, बावीस वर्षं गाडी चालवणारे. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर ते त्या बागेत येऊन बसतात, घरी व्हिडिओ कॉल करतात. मी त्यांना शिल्पाबद्दल विचारलं. म्हणाले, ‘‘ते काय आहे मला कळत नाही. पण इथं हवा लागते, आणि कुणी उठ म्हणत नाही.’’ मला आमचा पार आठवला. कलेवरच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही. पण मोकळ्या जागेतल्या शिल्पाची परीक्षा घ्यायची तर मी आधी हेच विचारीन, की त्याच्या आजूबाजूला साधा माणूस बसू शकतो का?

त्याच दोह्यात अगदी उलटी गोष्टही घडली आहे. 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदाननं मातेराझीच्या छातीवर डोकं आपटलं, तुम्हाला आठवत असेल. अल्जीरियात जन्मलेल्या आदेल अब्देसमेद या कलावंतानं त्या क्षणाचं पाचेक मीटर उंच ब्राँझचं शिल्प केलं. नेहमी विजयाचे पुतळे होतात, हा पराभवाचा, राग अनावर झाल्याचा. ऑक्टोबर 2013 मध्ये ते दोह्याच्या समुद्रकिनारी ठेवलं. लगेच टीका झाली. कुणी म्हणालं ही मूर्ती आहे, कुणी म्हणालं मुलांना हिंसा शिकवते. महिन्याभरातच ते तिथून हलवलं. पुढे 2022 मध्ये, कतारमध्ये विश्वचषक झाला त्या वर्षी, ते पुन्हा बाहेर काढून क्रीडा संग्रहालयात ठेवलं.

कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवू. मला खटकतं ते वेगळं. शिल्प ठेवलं तेही वरून, काढलं तेही वरून. मधल्या काळात लोकांच्या हातात होतं ते फक्त इंटरनेटवर चिडणं. ज्याला ते आवडलं आणि ज्याला ते मूर्ती वाटली, ते दोघं समोरासमोर बसून बोलले असते तर काय झालं असतं? कदाचित तोच निर्णय झाला असता. पण तो त्यांचा झाला असता.

न्यूयॉर्कची सुनावणी

तसं समोरासमोर बोलणं एका शहरात झालं आहे, आणि तेही याच सेरांच्या दुसऱ्या एका शिल्पावरून. न्यूयॉर्कमध्ये फेडरल प्लाझा नावाचा सरकारी कचेऱ्यांसमोरचा चौक आहे. 1981 साली तिथे सेरांचं ‘टिल्टेड आर्क’, म्हणजे कललेली कमान, उभं राहिलं. सुमारे 36 मीटर लांब आणि 3.6 मीटर उंच, पोलादाची वाकडी भिंतच. ती मोकळ्या चौकाला मधोमध चिरत जायची. रोज कचेरीत येणाऱ्यांना वळसा पडायचा, पलीकडचं दिसायचं नाही. लोक चिडले.

मार्च 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली. 180 जण बोलले. शिल्प राहावं असं म्हणणारे 122, काढावं म्हणणारे 58. राहावं म्हणणाऱ्यांत कलावंत आणि समीक्षक मोठ्या संख्येनं होते. काढावं म्हणणाऱ्यांत तिथे रोज कामाला येणारी माणसं होती. समितीनं चार विरुद्ध एक मतानं शिल्प हलवण्याची शिफारस केली. सेरांचं म्हणणं होतं, हे शिल्प याच जागेसाठी केलंय, इथून हलवलं म्हणजे ते नष्टच केलं. ते कोर्टात गेले, हरले. 15 मार्च 1989 च्या रात्री त्या भिंतीचे तुकडे करून ती नेली.

हा निकाल मला आजही पूर्ण पटलेला नाही. 122 लोकांचं म्हणणं बाजूला पडलं, हे कसं? लोकांना आवडेल तेवढंच उभं करायचं ठरवलं तर नवं काही उभंच राहणार नाही, अशीही भीती वाटते. पण एका गोष्टीचं मोल मला कळतं. ज्या कारकुनाला दुपारचा डबा खायला जागा उरली नव्हती, त्यानं माईकसमोर जाऊन ते सांगितलं आणि ते कागदावर आलं. आमच्या चौकाच्या बैठकीच्या कागदावर माझ्या अब्बांच्या पाराचा एक शब्दही नाही. कारण तो सांगायला कुणी गेलंच नाही.

स्वार नसलेला घोडा

शेवटचं उदाहरण मुंबईचं. तुम्ही फोर्टमधल्या काळा घोडा भागात गेला असाल. हे नाव पडलं ते एका पुतळ्यावरून. ब्रिटिश युवराज, पुढचा राजा सातवा एडवर्ड, 1875-76 च्या सुमारास मुंबईला येऊन गेला. त्याची आठवण म्हणून त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला, 1879 साली. ससून हे बगदादमध्ये जन्मलेले ज्यू व्यापारी. शिल्पकार होता जोसेफ बोएम. म्हणजे बगदादचा ज्यू, इंग्रज राजपुत्र, आणि रस्ता मुंबईचा.

स्वातंत्र्यानंतर परक्या राजाचा पुतळा चौकात नको, असं ठरलं. 1965 साली तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. मोडला नाही, हलवला. पण लोकांच्या तोंडून नाव गेलं नाही. घोडा नसताना पन्नास वर्षं लोक ‘काळा घोडा’ म्हणत राहिले.

2017 साली त्याच परिसरात नवा घोडा उभा राहिला. काळा घोडा असोसिएशननं तो उभारला, कल्पना आर्किटेक्ट अल्फाज मिलर यांची आणि शिल्पकार श्रीहरी भोसले. चौथऱ्यासकट साधारण 25 फूट उंच. या घोड्यावर कुणीच बसलेलं नाही.

मी तिथे उभा राहून बराच वेळ लोकांकडे बघत होतो. कॉलेजची मुलं, पाव विकणारा, वकील, फोटो काढणारं एक जोडपं. हा घोडा अमुक एका समाजाचा, असं कुणालाच वाटत नव्हतं. आपल्या राज्यात पुतळा म्हटलं की आधी मिरवणूक आठवते, मग पोलिसांचा बंदोबस्त. थोर माणसांचे पुतळे असावेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण प्रत्येक चौकात ‘कुणाचा?’ हाच प्रश्न विचारला जात असेल, तर ज्यांच्या नावाचा कुणीच नाही त्यांनी तिथे उभं कसं राहायचं? अशा वेळी स्वार नसलेला घोडा, सायकल, सप्तकोन, पक्षी, बाकांची एखादी सुंदर रचना हे पर्याय मांडता येतात. आपल्या श्रद्धेलाही ते अडचणीचे नाहीत आणि शेजाऱ्याच्याही नाहीत. आपण बैठकीत जाऊन हे सुचवू शकतो. ‘नको’ एवढंच म्हणून उठून यायची गरज नाही.

तुम्ही काय करायचं?

तुमच्यात इंजिनिअर आहेत, डीएडचे विद्यार्थी आहेत, दोघी जणी आर्किटेक्चर शिकतात, एक जण फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. घरी गेल्यावर आपल्या गावातला एक चौक निवडा. कुठलाही. अर्धा तास तिथे उभे राहा आणि या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. इथे जे उभं आहे ते कुणी ठरवलं? पैसे कुणाचे? देखभाल कोण करतं, शेवटची कधी झाली? इथे सावलीत बसायला जागा आहे का? संध्याकाळी सातनंतर इथे एकटी मुलगी थांबू शकते का? हा शेवटचा प्रश्न माझ्या बहिणीनं या यादीत घातला. मला तो सुचला नव्हता, हेही कबूल करतो.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं चौकात मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये लागतात. आणि पुढच्या वेळी अशी बैठक असेल तेव्हा जा. मागच्या रांगेत का होईना, बसा. एक वाक्य बोला आणि ते इतिवृत्तात लिहायला सांगा.

आमच्या चौकाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. दोह्याहून आल्यावर मी आणि तो पीडीएफ पाठवणारा मित्र, दोघांनी मिळून अर्ज लिहिला. ग्रिलचं फाटक दिवसा उघडं ठेवावं, झाडाखाली बाक करावेत, कारंजं दुरुस्त करावं. घरोघर फिरून सह्या घेतल्या. पहिली सही गुरुजींनी केली, दुसरी अब्बांनी. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्या बुजुर्गांकडेही गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, म्हणाले, ‘‘यात पुतळ्याचं कुठं काय आहे? बसायच्या जागेचंच तर आहे,’’ आणि सही केली. मी त्यांना काहीच म्हणालो नाही. मलाही हे कळायला दोन वर्षं लागली होती.

आता फाटक सकाळी सहाला उघडतं, रात्री नऊला बंद होतं. कारंजं बंदच आहे. बाकांचा विषय ‘प्रस्तावित’ आहे. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा अब्बा कारंज्याच्या कठड्यावर बसले होते, शेजारी टेलर. कठडा अरुंद आहे, पाठीला टेकायला काही नाही, फार वेळ बसवत नाही. मागे तो स्टीलचा गोल उन्हात चमकत होता. अब्बा टेलरना सांगत होते, वरच्या पक्ष्याचा एक जोड सैल झालाय, पावसाळ्याआधी बघायला हवा.

मी म्हटलं, ‘‘अब्बा, हेही अर्जात लिहू का?’’

‘‘लिही,’’ म्हणाले. ‘‘आणि बाक आधी लिही.’’

आता तुमचे प्रश्न घेऊ.